परभूमीतील राष्ट्रसाधना : आन चांग-हो ऊर्फ दोसान आणि अमेरिकेतील कोरियन स्थलांतरितांची स्वातंत्र्य चळवळ

प्रस्तावना :

आशिया खंडातील राष्ट्रीय चळवळींचा इतिहास लिहिताना सामान्यतः त्या त्या देशाच्या भूमीवर घडलेल्या घटनांना प्राधान्य दिले जाते. सभा, सत्याग्रह, उठाव, तुरुंगवास आणि बलिदान यांच्या क्रमाने हा इतिहास पुढे सरकतो. परंतु पारतंत्र्याच्या काळात ज्यांनी देशाबाहेर राहून, परक्या समाजात मजुरी करून, स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन मायभूमीच्या मुक्तीसाठी कार्य केले, त्यांची नोंद बहुधा तळटीपेतच राहते. भारतीयांना गदर चळवळीच्या निमित्ताने या प्रकारच्या कार्याचा परिचय आहे. त्याच काळात, त्याच पॅसिफिक किनाऱ्यावर, कोरियन स्थलांतरितांचीही एक चळवळ उभी राहत होती. मराठी वाचकाला ती फारशी परिचित नाही. या चळवळीचे एक प्रमुख शिल्पकार म्हणजे आन चांग-हो (१८७८–१९३८). कोरियात ते 'दोसान' या उपनामाने ओळखले जातात.

प्रस्तुत शोधनिबंधात आन चांग-हो यांच्या जीवनकार्याचा आढावा घेऊन पुढील तीन प्रश्नांचा विचार केला आहे. पहिला, राज्य गमावलेल्या समाजाचे संघटन परदेशात कोणत्या आधारावर होऊ शकले? दुसरा, व्यक्तीचे चारित्र्य घडवणे आणि राष्ट्र स्वतंत्र करणे ही दोन कार्ये दोसान यांच्या विचारात परस्परांशी कशी जोडलेली होती? तिसरा, 'आधी तयारी, मग लढा' ही त्यांची भूमिका कितपत यशस्वी ठरली आणि तिच्या मर्यादा कोणत्या?

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरिया हा चीन, जपान आणि रशिया या तीन सत्तांच्या स्पर्धेत सापडला होता. १८९४–९५ च्या चीन-जपान युद्धात चीनचा आणि १९०४–०५ च्या युद्धात रशियाचा पराभव करून जपानने कोरियावरील आपली पकड निर्वेध केली. १७ नोव्हेंबर १९०५ रोजी लादलेल्या करारान्वये कोरियाचे परराष्ट्र व्यवहार जपानच्या हाती गेले. १८८२ च्या करारात अमेरिकेने कोरियाला मध्यस्थीचे आश्वासन दिले होते. प्रत्यक्षात मात्र अमेरिकेने आपली वकिलात तत्परतेने बंद केली. ऑगस्ट १९१० मध्ये जपानने कोरिया रीतसर खालसा केला आणि १९४५ पर्यंत तेथे जपानी वसाहतीची राजवट चालली.

याच काळात कोरियनांचे अमेरिकेत स्थलांतर सुरू झाले. १३ जानेवारी १९०३ रोजी 'गेलिक' या जहाजातून कोरियन स्थलांतरितांची पहिली तुकडी होनोलुलूला पोहोचली. १९०५ पर्यंत सात हजारांहून अधिक कोरियन हवाई बेटांवरील उसाच्या मळ्यांत दाखल झाले. त्यांपैकी काही पुढे कॅलिफोर्नियात गेले. या लोकांची अवस्था दुहेरी निराधार होती. अमेरिकन कायद्याने आशियाई म्हणून त्यांना नागरिकत्वाचा अधिकार नव्हता आणि ज्या देशाचे ते प्रजाजन होते, तो देशच नकाशावरून पुसला जात होता. दोसान यांच्या कार्याचे महत्त्व या परिस्थितीच्या संदर्भातच समजून घ्यावे लागते.

बालपण आणि जडणघडण :

आन चांग-हो यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८७८ रोजी प्योंगयांगजवळील गांगसो परिसरात, तेदोंग नदीतील एका बेटावर झाला. बालपणी त्यांना परंपरेनुसार चिनी अभिजात ग्रंथांचे शिक्षण मिळाले. १८९४ मध्ये प्योंगयांग येथे चिनी आणि जपानी सैन्याची लढाई झाली. दोन परकी सैन्ये आपल्या भूमीवर लढतात, आपली घरे उद्ध्वस्त होतात आणि आपण केवळ पाहत राहतो, हा अनुभव या पंधरा वर्षांच्या मुलाच्या विचारांना दिशा देणारा ठरला. परक्यांच्या दुष्टपणापेक्षा स्वतःच्या दुर्बलतेचा शोध घेण्याची त्यांची वृत्ती येथूनच दृढ झाली.

त्यानंतर ते सोलला गेले. तेथे मिशनरी शाळेत त्यांनी शिक्षण घेतले व ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सो जे-पिल यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या 'स्वातंत्र्य मंडळा'त ते सामील झाले. सो जे-पिल हे १८८४ च्या फसलेल्या सुधारणावादी उठावानंतर अमेरिकेत आश्रय घेऊन तेथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलेले पहिल्या पिढीतील परदेशस्थ कोरियन होते. १८९८ मध्ये प्योंगयांग येथे तरुण आन चांग-हो यांनी अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर केलेल्या भाषणामुळे त्यांची वक्ता म्हणून ख्याती झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस मंडळावर बंदी आली. त्यानंतर ते गावी परतले आणि १८९९ मध्ये त्यांनी मुले व मुली यांना एकत्र शिक्षण देणारी शाळा काढली. त्या काळातील कोरियन समाजाचा विचार करता हे पाऊल धाडसाचे होते.

सॅन फ्रान्सिस्को आणि रिव्हरसाइड : श्रमिकांतून समाज

शिक्षणशास्त्राचा अभ्यास करावा, या हेतूने आन चांग-हो यांनी १९०२ मध्ये अमेरिकेचा मार्ग धरला. निघण्यापूर्वी त्यांचा विवाह यी हे-र्योन यांच्याशी झाला आणि हे नवविवाहित दांपत्य ऑक्टोबर १९०२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. प्रवासात अथांग समुद्रातून वर आलेले हवाईचे बेट पाहून त्यांनी 'दोसान', म्हणजे द्वीपपर्वत, हे उपनाम घेतले, असे सांगितले जाते.

सॅन फ्रान्सिस्कोत त्या वेळी कोरियनांची संख्या अत्यल्प होती. त्यांत काही विद्यार्थी व काही जिनसेंग या औषधी मुळीचे फिरते विक्रेते होते. दोन कोरियन विक्रेते गिऱ्हाइकांच्या वाटणीवरून भर रस्त्यात एकमेकांच्या शेंड्या धरून भांडत आहेत आणि बघ्यांची गर्दी हसत आहे, हे दृश्य दोसान यांनी पाहिले, ही कथा त्यांच्या प्रत्येक चरित्रात येते. त्यांनी भांडण सोडवले, भांडणाचे कारण समजून घेतले आणि विक्रीचे भाग ठरवून दिले. शिक्षणाचा विचार त्यांनी मागे टाकला. स्वतः घरगड्याचे व सफाईचे काम करून उदरनिर्वाह करावा आणि उरलेल्या वेळात देशबांधवांच्या घरी जाऊन केर काढावा, खिडक्या पुसाव्यात, असा त्यांचा क्रम सुरू झाला. प्रारंभी लोकांना त्यांचा संशय आला. नंतर त्यांनी स्वतःच आपली घरे स्वच्छ ठेवण्यास सुरुवात केली. १९०३ मध्ये दोसान यांच्या पुढाकाराने 'स्नेहवर्धक मंडळ' स्थापन झाले. मुख्य भूमीवरील कोरियनांच्या संघटित जीवनाचा हा आरंभ होय.

१९०४ मध्ये दोसान दक्षिण कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे गेले. संत्र्यांच्या बागांसाठी हे गाव प्रसिद्ध होते. तेथील पाचापा मार्गावर, रेल्वेमार्गालगतच्या जुन्या झोपड्यांत कोरियन मजूर राहू लागले. या वस्तीत बिऱ्हाडे होती, मुले होती, प्रार्थनागृह होते आणि रात्रीची शाळा होती. दोसान यांनी मजुरांना काम मिळवून देणारी व्यवस्था उभी केली. त्यामुळे ठेकेदाराच्या मर्जीवर जगणारा मजूर बागमालकाशी सामूहिकरीत्या बोलणी करू लागला. जुगार व मद्यपान यांवर वस्तीने स्वतःहून निर्बंध घातले. एक संत्रे जरी तोडायचे असले तरी ते मन लावून, इजा न करता तोडावे, कारण तेही देशकार्यच आहे, असे दोसान मजुरांना सांगत.

वरवर पाहता हा उपदेश भाबडा वाटण्याची शक्यता आहे. परंतु त्यामागील तर्क व्यवहारी होता. संत्र्याच्या सालीला नखाचा किंवा कात्रीचा ओरखडा लागला तर फळ वाहतुकीत कुजते आणि मालकाचे नुकसान होते. काळजीपूर्वक फळ तोडणाऱ्या मजुरांना काम अधिक मिळे, कामातून पैसा मिळे आणि पैशातून शाळा, वृत्तपत्र व संघटना चाले. शिवाय ज्या समाजाविषयी अमेरिकन जनतेला काहीही माहिती नव्हती, त्याची पत अशा कामातूनच निर्माण होणार होती. पुढे याच वस्तीतील मजुरांच्या वर्गणीतून स्वातंत्र्य चळवळीला निधी मिळाला.

एप्रिल १९०५ मध्ये स्नेहवर्धक मंडळाचे रूपांतर 'गोंगनिप ह्योपहोए', म्हणजे परस्पर साहाय्य संघात झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस संघाचे वृत्तपत्रही निघू लागले. जपानचे संरक्षित राज्य म्हणून कोरियाची गणना होऊ लागताच या संघाला राजकीय स्वरूप प्राप्त झाले.

मायदेशातील गुप्त कार्य आणि हद्दपारी :

१९०७ मध्ये दोसान पत्नी व लहान मुलाला अमेरिकेत ठेवून कोरियात परतले. यांग गी-ताक, यी दोंग-ह्वी, इतिहासकार सिन चे-हो इत्यादी सहकाऱ्यांसमवेत त्यांनी 'सिनमिनहोए' (नवजन संघ) ही गुप्त संघटना स्थापन केली. राजेशाहीची पुनःस्थापना हे तिचे ध्येय नव्हते. नव्या नागरिकांचे नवे राष्ट्र हे तिचे ध्येय होते. संघटना गुप्त असली तरी तिची कामे उघड होती. १९०८ मध्ये प्योंगयांग येथे देसोंग विद्यालय सुरू झाले, पुस्तकांची दुकाने निघाली आणि चिनीमातीच्या भांड्यांचा कारखाना उभारण्यात आला. शिक्षण, प्रकाशन आणि उद्योग या तिन्ही आघाड्यांवर एकाच वेळी काम करण्याची ही योजना होती.

२६ ऑक्टोबर १९०९ रोजी आन जुंग-गुन यांनी हार्बिन येथे जपानी मुत्सद्दी इतो हिरोबुमी यांचा वध केला. या प्रकरणात संशयावरून दोसान यांना अटक झाली व काही महिन्यांनी सुटका झाली. देश खालसा होणार हे स्पष्ट दिसत असताना १९१० मध्ये त्यांनी देशत्याग केला. चीन, व्लादिवोस्तोक, सायबेरिया व युरोपमार्गे ते १९११ मध्ये पुन्हा अमेरिकेत पोहोचले. मायदेशी राहिलेल्या सहकाऱ्यांवर याच सुमारास संकट कोसळले. गव्हर्नर जनरलच्या हत्येच्या कटाचा आरोप ठेवून शेकडो लोकांना पकडण्यात आले, त्यांचा छळ झाला आणि १९१२ मध्ये १०५ जणांना शिक्षा ठोठावण्यात आल्या. सिनमिनहोए नष्ट झाली. संयमाने, टप्प्याटप्प्याने काम करण्याची दोसान यांची पद्धत परकी सत्ता किती सहज मोडून काढू शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

राष्ट्रीय संघ : राज्याविना शासन

दरम्यान अमेरिकेतील कोरियनांच्या जीवनात महत्त्वाची घटना घडली होती. कोरियन सरकारचे सल्लागार म्हणून काम करूनही जपानी राजवटीची प्रशंसा करणारे अमेरिकन अधिकारी डरहॅम स्टीव्हन्स यांच्यावर मार्च १९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जांग इन-ह्वान या तरुणाने गोळ्या झाडल्या. खटल्याच्या निमित्ताने हवाई व कॅलिफोर्नियातील संघटना जवळ आल्या आणि फेब्रुवारी १९०९ मध्ये 'कोरियन राष्ट्रीय संघ' अस्तित्वात आला. पुढे हवाई, उत्तर अमेरिका, मेक्सिको, सायबेरिया व मांचुरिया येथे त्याच्या शाखा झाल्या. त्याच्या मध्यवर्ती मंडळाचे अध्यक्षपदही दोसान यांच्याकडे आले.

राष्ट्रीय संघाचे कार्य एखाद्या सरकारसारखे चाले. सभासद वार्षिक वर्गणी करासारखी भरत. आपसांतील तंटे संघ सोडवी. पारपत्राविना येणाऱ्या कोरियन विद्यार्थ्यांसाठी संघ हमी देई. संघाचा खरा कस जून १९१३ मध्ये लागला. रिव्हरसाइडहून जर्दाळू तोडण्यासाठी जवळच्या हेमेट या गावी गेलेल्या कोरियन मजुरांच्या तुकडीला स्थानिक जमावाने हुसकावून लावले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आशियाई लोकांना जमीन घेण्यास मनाई करणारा कायदा झाला होता आणि वातावरण तापलेले होते. मजूर जपानी असावेत, असा जमावाचा समज होता. जपानी वकिलातीने आपले प्रजाजन म्हणून त्यांच्यासाठी भरपाई मागण्याची तयारी दाखवली.

हा प्रसंग पेचाचा होता. मदत घेतली असती तर मजुरांना पैसे मिळाले असते. परंतु त्यासोबत आपण जपानी प्रजाजन आहोत, हेही मान्य करावे लागले असते. राष्ट्रीय संघाने अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना तार करून कळवले, की देश खालसा होण्यापूर्वीच आलेले हे लोक जपानचे प्रजाजन नाहीत. त्यांच्यासंबंधी जपानशी बोलणी करू नयेत. ब्रायन यांनी हे म्हणणे स्वीकारून कोरियनांच्या बाबी राष्ट्रीय संघामार्फत हाताळल्या जाव्यात, अशी भूमिका घेतली. अमेरिकेने कोरियाच्या स्वातंत्र्याला मान्यता दिली, असा याचा अर्थ मुळीच नव्हता. तथापि फळे तोडणाऱ्या मजुरांच्या संघटनेला एका बलाढ्य राष्ट्राच्या शासनाने त्या लोकांची प्रतिनिधी मानले, ही गोष्ट लहान नव्हती. दहा वर्षांपूर्वी भांडणे सोडवण्यासाठी निघालेल्या मंडळाचा हा विस्तार होता.

हुंगसादान आणि गदर : एकाच शहरातील दोन मार्ग

१३ मे १९१३ रोजी दोसान यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे 'हुंगसादान' ही संस्था स्थापन केली. तिच्या संस्थापकांत कोरियाच्या आठही प्रांतांचे प्रतिनिधी असावेत, याची त्यांनी दक्षता घेतली. कारण प्रांतभेद हा कोरियन समाजाचा जुना रोग होता आणि स्वतः दोसान यांच्यावरही उत्तरेकडील लोकांचे पुढारी म्हणून टीका होत असे. सत्यनिष्ठा, कृतिशीलता, निष्ठा आणि धैर्य ही चार तत्त्वे संस्थेने स्वीकारली. शील, शरीर व बुद्धी यांची जोपासना प्रत्येक सभासदाने करावी, किमान एक तरी कौशल्य आत्मसात करावे, अशी अपेक्षा होती. खोटेपणामुळे देश गेला, असे दोसान यांचे निदान होते. दरबाराने प्रजेशी, अधिकाऱ्यांनी दरबाराशी आणि पुढाऱ्यांनी परस्परांशी केलेल्या असत्य व्यवहारातून राष्ट्र पोखरले गेले, असे ते मानत.

त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९१३ रोजी, त्याच सॅन फ्रान्सिस्को शहरातून 'गदर' या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्या या चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचाही सहभाग होता. हिंदी मजूर व कोरियन मजूर यांची परिस्थिती बऱ्याच अंशी सारखी होती. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम येथे हिंदी मजुरांना जमावाने हुसकावले, तसेच सहा वर्षांनी हेमेट येथे कोरियनांना हुसकावले गेले. दोन्ही समाजांनी अपमानाचे मूळ मायभूमीच्या पारतंत्र्यात शोधले. पुढील मार्ग मात्र भिन्न झाले. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच गदरच्या अनुयायांनी सशस्त्र उठावासाठी मोठ्या संख्येने हिंदुस्थानकडे प्रयाण केले. दोसान यांनी संधीची वाट पाहण्यापूर्वी ती पेलणारी माणसे तयार करण्यावर भर दिला. गदरचा उठाव फसला, म्हणून दोसान यांचा मार्ग श्रेष्ठ ठरतो, असा निष्कर्ष काढणे उचित नाही. कारण त्यांच्या मार्गानेही त्यांच्या हयातीत स्वातंत्र्य आले नाही.

१९१७–१८ मध्ये दोसान यांनी मेक्सिकोचा दौरा केला. १९०५ मध्ये हजाराहून अधिक कोरियन स्त्री-पुरुष फसव्या जाहिरातींना भुलून युकातान प्रांतात गेले होते. घायपाताच्या जातीच्या हेनेकेन या वनस्पतीची काटेरी पाने तोडण्याचे काम त्यांच्याकडून करारबद्ध मजूर म्हणून करून घेतले जाई. करार संपल्यावरही ते तेथेच अडकून पडले होते. दोसान अनेक महिने त्यांच्यात राहिले, तंटे मिटवले आणि संघटना बांधली. जगाच्या कोपऱ्यात विसरल्या गेलेल्या या लोकांना आपण एका राष्ट्राचे घटक आहोत, ही जाणीव या भेटीने मिळाली.

शांघायमधील हंगामी सरकार :

१ मार्च १९१९ रोजी कोरियात स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि देशभर निःशस्त्र निदर्शने झाली. जपानी राजवटीने ती निर्दयपणे चिरडली. एप्रिलमध्ये शांघाय येथे कोरियन प्रजासत्ताकाचे हंगामी सरकार स्थापन झाले. दोसान राष्ट्रीय संघाने जमवलेला निधी घेऊन मे महिन्यात शांघायला पोहोचले आणि त्यांनी गृहमंत्री म्हणून कारभार हाती घेतला. मायदेशातील जनतेशी गुप्त संपर्क ठेवणारी यंत्रणा त्यांनी उभारली आणि लेखक यी ग्वांग-सू यांच्या संपादकत्वाखाली 'दोंगनिप सिनमुन' हे वृत्तपत्र सुरू झाले.

त्या वेळी शांघाय, व्लादिवोस्तोक व सोल अशा तीन ठिकाणांहून तीन सरकारे घोषित झाली होती. त्यांचे एकीकरण व्हावे यासाठी दोसान यांनी मोठी खटपट केली. सोलमध्ये घोषित झालेल्या मंत्रिमंडळाची रचना प्रमाण मानावी, असे ठरले. त्या रचनेत दोसान यांच्या वाट्याला कामगार विभागाच्या प्रमुखाचे दुय्यम पद येत होते. प्रत्यक्ष कारभार चालवणाऱ्या या माणसाने ते पद स्वीकारले. राष्ट्राध्यक्षपद सिंगमन ऱ्ही यांच्याकडे आणि पंतप्रधानपद यी दोंग-ह्वी यांच्याकडे गेले.

तथापि ऐक्य टिकले नाही. ऱ्ही यांचा भर महासत्तांकडे अर्जविनंत्या करण्यावर होता, तर यी दोंग-ह्वी यांचा ओढा रशियन साम्यवाद व सशस्त्र लढ्याकडे होता. पार्क योंग-मान यांच्यासारखे लष्करी शिक्षणाचे पुरस्कर्ते वेगळ्याच मार्गाने जात होते. दोसान यांना कोणताच मार्ग सर्वस्वी त्याज्य वाटत नव्हता. सर्वांनी एका शिस्तीत यावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. १९२१ मध्ये त्यांनी पद सोडले आणि सर्व गटांची राष्ट्रीय प्रतिनिधी परिषद बोलावण्यासाठी प्रयत्न केला. १९२३ मध्ये शांघाय येथे ही परिषद अनेक महिने चालली. हंगामी सरकारात सुधारणा करावी की ते मोडून नवे निर्माण करावे, या प्रश्नावर ती फुटली. ऐक्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या नेत्याच्या कारकिर्दीतील हे सर्वांत मोठे अपयश म्हणावे लागेल.

कौटुंबिक जीवनाची किंमत :

राष्ट्रीय नेत्यांच्या चरित्रात कुटुंबाचा उल्लेख बहुधा त्यागाच्या गौरवापुरता येतो. दोसान यांच्या संदर्भात तो अधिक गांभीर्याने होणे आवश्यक आहे. पस्तीस वर्षांच्या वैवाहिक जीवनात दोसान सुमारे तेरा वर्षेच अमेरिकेत होते आणि त्यातीलही बराच काळ दौऱ्यांत गेला. १९२४ च्या अखेरीस ते अमेरिकेत आले आणि १९२६ च्या आरंभी पुन्हा चीनकडे गेले. त्यानंतर पती-पत्नींची भेट झाली नाही. त्याच वर्षी जन्मलेल्या धाकट्या मुलाने, राल्फने, वडिलांना कधीच पाहिले नाही.

यी हे-र्योन यांनी लोकांच्या घरची धुणी, स्वयंपाक व शिवणकाम करून पाच मुलांना वाढवले. लॉस एंजेलिसमधील त्यांचे घर हे येणाऱ्याजाणाऱ्या कार्यकर्त्यांचे आश्रयस्थान होते. १९१९ नंतर कोरियन स्त्रियांच्या देशभक्त मंडळाच्या कामातही त्यांनी भाग घेतला. या मंडळाच्या सदस्या घरखर्चातील पदार्थ कमी करून वाचलेले पैसे चळवळीला देत. दोसान यांचे पूर्णवेळ राष्ट्रकार्य त्यांच्या पत्नीच्या अखंड मजुरीवर उभे होते, ही वस्तुस्थिती आहे. कोरियन शासनाने २००८ मध्ये त्यांचा मरणोत्तर गौरव केला. थोरला मुलगा फिलिप हॉलिवूडमधील नामवंत अभिनेता झाला. कन्या सुसान दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलात अधिकारी झाली.

अटक, कारावास आणि मृत्यू :

मांचुरियात कोरियन निर्वासितांसाठी आदर्श वसाहत उभारण्याचे दोसान यांचे स्वप्न होते. १९२७ मध्ये जिलिन येथे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना चिनी पोलिसांनी पकडले आणि नंतर सोडले. जपानने १९३१ मध्ये मांचुरिया व्यापल्यावर वसाहतीची शक्यताच संपली.

२९ एप्रिल १९३२ रोजी शांघायच्या होंगकौ उद्यानात युन बोंग-गिल यांनी जपानी अधिकाऱ्यांवर बॉम्ब टाकला. या कटाची आखणी किम गू यांनी केली होती. त्याच दिवशी झालेल्या धरपकडीत दोसान फ्रेंच वसाहतीत सापडले. एका सहकाऱ्याच्या मुलाला दिलेला शब्द पाळण्यासाठी ते त्या घरी गेले होते, असे सांगितले जाते. त्यांना कोरियात नेऊन चार वर्षांची शिक्षा देण्यात आली. फेब्रुवारी १९३५ मध्ये सुटका झाल्यावर ते प्योंगयांगजवळील डोंगरात राहू लागले. जून १९३७ मध्ये, चीन-जपान युद्धाच्या उंबरठ्यावर, हुंगसादानच्या कोरियातील शाखेवर कारवाई झाली. सुमारे १८० जण पकडले गेले; त्यांत दोसानही होते. स्वातंत्र्याचे कार्य सोडणार का, या प्रश्नावर त्यांनी नकारच दिला. तुरुंगात प्रकृती ढासळल्याने त्यांना जामिनावर रुग्णालयात हलवण्यात आले आणि १० मार्च १९३८ रोजी सोल येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन :

दोसान यांच्यावर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप असा, की चारित्र्य व क्षमता यांवरील त्यांच्या आग्रहाने पारतंत्र्याचा दोष जुलमी सत्तेऐवजी पीडित जनतेच्या माथी मारला. या आक्षेपाला आधार आहे. त्यांचे निकटचे अनुयायी यी ग्वांग-सू यांनी राष्ट्राच्या नैतिक सुधारणेचा विचार राजकारणापासून तोडला आणि अखेरीस जपानी राजवटीशी सहकार्य करून जपानी नावही धारण केले. सुधारणेला स्वातंत्र्याच्या ध्येयापासून वेगळे काढले, की ती वसाहतवादाला किती सोयीची ठरते, याचे हे उदाहरण होय.

मात्र हाच निकष स्वतः दोसान यांना लावता येत नाही. त्यांनी हंगामी सरकार चालवले, निधी उभारला, सशस्त्र गटांशी संवाद ठेवला आणि दोनदा कारावास भोगला. स्टीव्हन्स प्रकरणानंतर संघटित झालेला समाज, हेमेट येथील तार आणि शांघायचा कारभार या घटना लक्षात घेतल्या, तर त्यांच्या तयारीच्या कल्पनेत राजकीय कृती अंतर्भूत होती, हे स्पष्ट होते. स्वराज्य मिळाल्यावर नागरिक घडवू, असे ते म्हणत नव्हते. नियमाने चालणारी सभा, वेळेवर भरलेली वर्गणी, प्रामाणिक हिशेब आणि बहुमताचा आदर या सवयी स्थलांतरित मजुरांत रुजवणे म्हणजेच स्वराज्याचा आरंभ, अशी त्यांची धारणा होती. तिची मर्यादा नेतृत्वाच्या पातळीवर उघडी पडली. संत्र्यांच्या बागेतील मजुरांनी जी शिस्त स्वीकारली, ती शांघायमधील पुढाऱ्यांनी स्वीकारली नाही. लहान वस्तीत परस्परविश्वासावर चालणारी पद्धत सत्तेच्या स्पर्धेत अपुरी पडली.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते, की राज्य गमावलेल्या समाजाला एकत्र ठेवण्यासाठी दोसान यांनी दैनंदिन श्रम, परस्पर साहाय्य आणि स्वयंशासित संस्था यांचा आधार घेतला. या आधारावर उभी राहिलेली संघटना सामान्य मजुरांच्या वर्गणीवर टिकली आणि काही प्रसंगी तिने सरकारचे कार्यही केले. व्यक्तिसुधारणा व राष्ट्रमुक्ती ही त्यांच्या दृष्टीने एकाच कार्याची दोन अंगे होती. राजकीय ऐक्य साधण्यात त्यांना यश आले नाही आणि देश स्वतंत्र झालेलाही त्यांना पाहता आला नाही. १९४५ मध्ये स्वातंत्र्य आले, ते फाळणी घेऊनच. दोसान यांचे जन्मस्थान आज उत्तर कोरियात आणि समाधी दक्षिण कोरियात आहे. १९७३ मध्ये सोल येथील त्यांच्या नावाच्या उद्यानात त्यांचे अवशेष हलवण्यात आले आणि १९६९ मध्ये अमेरिकेत निवर्तलेल्या यी हे-र्योन यांनाही तेथेच चिरविश्रांती मिळाली.

रिव्हरसाइड शहराच्या मध्यवर्ती भागात २००१ मध्ये दोसान यांचा पुतळा उभारण्यात आला. त्याच मार्गावर मार्टिन ल्यूथर किंग यांचा आणि २००५ पासून महात्मा गांधींचाही पुतळा आहे. ज्या पाचापा वस्तीतून या कार्याचा प्रारंभ झाला, तिला २०१७ मध्ये शहराने सांस्कृतिक महत्त्वाचे स्थळ म्हणून मान्यता दिली. १९१३ च्या हिमप्रपाती थंडीने संत्र्यांच्या बागांचे नुकसान झाल्यानंतर ही वस्ती हळूहळू विखुरली होती. मजूर अन्यत्र गेले. त्यांनी भरलेल्या वर्गणीतून उभी राहिलेली हुंगसादान ही संस्था मात्र आजही कार्यरत आहे. परदेशस्थ मजुरांच्या अशा संस्थांचा अभ्यास झाल्याखेरीज आशियातील स्वातंत्र्यलढ्यांचे चित्र पूर्ण होणार नाही.